परत न आलेलं परमिट

निरोप आला तेव्हा सुजय दहाचं रीडिंग लिहीत होता.

रत्नागिरी शहराबाहेर कातळावर विजेचं उपकेंद्र आहे. सुजय तिथे ऑपरेटर. दर तासाला पॅनलवरचे आकडे तक्त्यात उतरवायचे. फोन आला की घ्यायचा, वेळ लिहायची, निरोप लिहायचा, सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. अकरा वर्षं त्याने हेच केलं होतं. रोज दहाच्या सुमारास त्याच्या बायकोचा, नेत्राचा, फोन यायचा, म्हणून मोबाइल त्याने टेबलावर समोरच ठेवला होता. पण वाजला तो उपकेंद्राचा फोन.

पलीकडून एक परका माणूस हिंदीत बोलत होता. तो नेपाळमधून, नेत्राच्या साइटवरून बोलत होता. मोबाइल लागला नाही म्हणून हा नंबर शोधला, असं त्याने आधी सांगितलं. मग सांगितलं की काल दुपारी डोंगरातून खाली येताना दरड कोसळली आणि जीप नदीत गेली. जीपमध्ये चौघं होती. दोघं सापडली. मॅडम अजून...

"तुम्ही ऐकताय ना?" त्याने विचारलं.

"ऐकतोय," सुजय म्हणाला. "आपलं नाव सांगा."

त्या माणसाने नाव सांगितलं. सुजयने ते लिहून घेतलं.

अकराच्या सुमारास त्याचे जोडीदार भिकाजीमामा यार्डात फेरी मारून आत आले. मामांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि आल्या आल्या वही वाचायची त्यांची जुनी खोड. त्यांनी चष्मा लावला. दहा वाजून पाच मिनिटं. नेत्रा. जीप नदीत. शोध चालू. खाली निरोप देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याची सही.

"मेल्या, हे वहीत काय लिहिलंस?" मामा म्हणाले. मग त्यांनी सुजयच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि अकराचं रीडिंग स्वतः लिहिलं.

लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं.

---

ती त्याला भेटली तीही अशाच एका वहीपायी.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. उपकेंद्रापासून चार किलोमीटरवर सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, सोलरचा प्रकल्प उभा राहत होता. त्यांची लाईन सुजयच्या उपकेंद्राला जोडायची होती. अशा लाईनवर काम करायचं तर आधी ऑपरेटरकडून परमिट घ्यावं लागतं. ऑपरेटर वीज बंद करतो, कागदावर सही करून देतो. काम झालं की परमिट घेणाऱ्याने येऊन सांगायचं... माणसं उतरली, सामान काढलं, सुरक्षेसाठी लावलेली अर्थिंगची तार काढली... आणि सही करायची. मगच लाईन पुन्हा चालू.

त्या दिवशी सकाळी हेल्मेट घातलेली एक बाई घाईघाईने परमिट घेऊन गेली होती. सुजयने तिचा चेहरा बघितला नव्हता, नाव तेवढं वाचलं होतं. नेत्रा गंगाराम पावसे. संध्याकाळी साडेचारला तिचा फिटर तो कागद घेऊन आला. मॅडमची सही आहे, काम झालंय, म्हणाला. सुजयने कागद परत केला. "ज्यांनी घेतलं त्यांना पाठवा."

मॅडम तोवर दुसऱ्या साइटवर जायला आरे-वाऱ्याच्या समुद्रकाठच्या रस्त्याला लागल्या होत्या. सहा वाजता फाटकाशी रिक्षा थांबली आणि एक मुलगी पावसातून तरातरा चालत कंट्रोल रूममध्ये आली. केसांतून पाणी गळत होतं. हेल्मेट काखेत.

"तुम्हीच का ते?"

"कोण ते?"

"ज्यांच्यापायी मी आरे-वाऱ्याहून भिजत आले, ते."

"पाऊस मी पाडला नाही."

"परमिट घ्यायला मात्र नाही म्हणालात!"

"परमिट कोणी घेतलं होतं?"

"मी."

"मग परत कोण करणार?"

"अहो, सही माझीच आहे ना त्यावर? कागद तेवढा फिटरच्या हाती दिला."

"सही होती," सुजय म्हणाला. "माणूस नव्हतं."

तिने डोळे मोठे केले. हा माणूस भांडत नव्हता, चिडतही नव्हता. चिवटपणे बसला होता नुसता.

"एवढा नियम पाळून काय मिळतं हो तुम्हाला?"

सुजयने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "मी नवीन होतो तेव्हा, दुसऱ्या एका ठिकाणी, एकाने असाच कागद पाठवून दिला होता. काम झालं म्हणून. लाईन चालू केली. एक माणूस अजून खांबावर होता."

"...वाचला?"

"नाही."

तिने वही पुढे ओढली.

"माणसं उतरली?" सुजयने विचारलं.

"उतरली."

"सामान?"

"काढलं."

"अर्थिंग?"

"काढली."

"स्वतः बघितलंत?"

"स्वतः."

ती सही करायला वाकली आणि वेणीतलं पाणी टपटप पानावर पडलं. सुजयने खिशातून रुमाल काढला आणि पान टिपू लागला.

"कमाल आहे," ती म्हणाली. "पान पुसताय. समोर माणूस गारठलंय, त्याला रुमाल द्यायचं सुचत नाही?"

सुजयचे कान लाल झाले. त्याने रुमाल पुढे केला. त्यावर निळी शाई लागली होती, ती तिच्या गालाला लागली. ते तिला सांगावं की सांगू नये, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ती तशीच रिक्षात बसून गेली.

दुसऱ्या दिवशी रुमाल धुऊन घेऊन आली. "गालाला शाई होती," ती म्हणाली. "स्टँडवरच्या भाजीवालीने सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत."

"नियमात नव्हतं," सुजय म्हणाला.

ती एवढी हसली की यार्डातून मामा बघायला आले.

---

मग ती येतच राहिली. कामं होतीच, पण कामांपेक्षा परमिटं जरा जास्तच होऊ लागली.

"काय गो पोरी," मामा म्हणायचे, "तुझ्या लाईनीत बिघाड लय होतो."

"लाईन नवीन आहे ना मामा. रुळायला वेळ लागतो."

"व्हय व्हय. आमचा ऑपरेटर पण नवीनच हाय म्हणायचा. अजून रुळला नाय."

एकदा ती परमिट नसतानाच आली.

"आज काय?" सुजयने विचारलं.

"परवाचं परमिट मी नीट परत केलं का, ते बघायला आले."

"केलंत."

"स्वतः बघितलंत?"

"...स्वतः."

"मग चहा द्या."

नेत्रा दाभोळची. वडील गंगाराम, त्यांची मासेमारीची बोट. आई सत्यवती बंदरावर मासळी विकायची. घरातली पहिली इंजिनियर नेत्रा. तिचं बोलणं मोकळंढाकळं, आणि मनात आलं की तोंडावर आलंच. सुजयचं उलटं होतं. शहराजवळच्या गावात त्याचं घर, आंब्याच्या पन्नासेक कलमांची बाग आणि आई कमला. वडील, दत्तात्रेय, तो शाळेत असताना गेले. तेव्हापासून सगळं वेळच्या वेळी आणि ठरल्याप्रमाणे करायचं, हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

ती पहिल्यांदा घरी आली तो दिवस सुजयला सारखा आठवतो. आई मागच्या दारी गडग्यापाशी उभी होती. गडगा म्हणजे दोन परसांमधली जांभ्या दगडांची कमरेएवढी भिंत. पलीकडून जनीकाकूंनी दोन दिवसांपूर्वी फणसाची भाजी दिली होती. आज आई त्याच वाटीत खांडवी घालून देत होती.

"वाटी रिकामी कशी पाठवणार?" आई म्हणाली.

नेत्रा पायरीवर बसून हे बघत होती. "सुजय, मला पुढे हेच काम करायचंय," ती म्हणाली.

"खांडवी?"

"गप रे. गडग्यावरून वाटी. नेपाळात पावसाळ्यात नद्या तुडुंब वाहतात. पाण्यावर वीज होते ती त्यांना वापरून उरते. नेमकी तेव्हा आपल्याकडे ढगांमुळे सोलर मंद. तेव्हा वाटी इकडे. थंडीत त्यांच्या नद्या आटतात, त्यांना अंधार. तेव्हा आपण भरून पाठवायची. भूतानचं तेच. बांगलादेशाला तर नेपाळची वीज आपल्या तारांवरून जाते."

"गडगा आणि देशाची सीमा एक का?"

"तार दोन्हीवरून जाते. सीमेवर जरा उंच बांधायची, एवढंच." मग ती हळूच म्हणाली, "कोळसा जाळून सगळ्यांनी आपापल्या घरात धूर करत बसायचं, की एकमेकांना वाटी द्यायची? मला विचारशील तर... वाटी."

आई मागून म्हणाली, "पोरगी शहाणी आहे हो." आणि सुजयकडे बघून तिने भुवई उडवली.

---

उपकेंद्रात परमिटच्या वह्यांचा छापील नमुना बदलला तेव्हा एक जुनी वही रद्द झाली. मागची बरीच पानं कोरी होती. सुजयने ती साहेबांना विचारून घरी आणली. असं विचारून आणणारा तो एकटाच असेल.

ती वही नेत्राच्या हाती लागली. आरे-वाऱ्याला, दोन्ही किनारे दिसतात त्या वळणावर कठड्याला टेकून दोघं उभी होती. तिने स्कूटरच्या डिकीतून वही काढली, पहिलं कोरं पान उघडलं आणि कठड्यावर ठेवून लिहायला लागली.

"काय लिहितेस?"

"थांब. कामाचं ठिकाण... दाभोळ. कामाचं स्वरूप... लग्नाची बोलणी. माणसं... दोन. तुझी आई धरून तीन. परमिट घेणार, नेत्रा गंगाराम पावसे." तिने वही त्याच्याकडे सरकवली. "देणाऱ्याची सही कर."

वाऱ्याने पान फडफडत होतं, ते त्याने बोटाने दाबून धरलं.

"नाही म्हणायचं असेल तर तसं लिही," ती म्हणाली, पण तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "कारण लिहायला रकाना आहे."

"तारीख घालायची राहिलीय," सुजय म्हणाला. त्याने तारीख घातली. वेळ घातली. सही केली. मग म्हणाला, "नेत्रा, मला... मी बोलत नाही, पण..."

"कळलं," ती म्हणाली. "सही कळते मला तुझी."

गंगारामबाबांनी एकच प्रश्न विचारला. "मासे खाता का?" सुजयच्या आईने, "सोमवार सोडून," असं उत्तर दिलं आणि बोलणी झाली.

मग त्या वहीचा घरात खेळच झाला. नेत्रा नारळी पौर्णिमेला माहेरी निघाली की परमिट. सुजय चिपळूणला ट्रेनिंगला गेला की परमिट. आल्यावर उंबऱ्यात उभं राहून विचारायचं... माणूस उतरलं? सामान काढलं? स्वतः बघितलं? आणि सही. सही झाल्याशिवाय आत घ्यायचं नाही. एकदा ती वांग्या-बटाट्याची पिशवी हातात घेऊन दारात दहा मिनिटं उभी होती, कारण पेन सापडत नव्हतं. आई कपाळाला हात लावायची. तेरा परमिटं झाली. तेराही परत झाली.

---

चौदावं नेपाळचं.

नेत्राने सोलरची नोकरी सोडून मोठ्या लाईनी उभारणाऱ्या एका कंपनीत अर्ज टाकला होता, हे सुजयला माहीत होतं. एप्रिलमध्ये बोलावणं आलं. नेपाळच्या डोंगरातल्या वीजघरापासून भारताच्या सीमेपर्यंत नवी लाईन येत होती. तिकडच्या उपकेंद्रातली यंत्रं तपासायची, लाईन चालू करायची. सहा महिने.

"चल ना माझ्याबरोबर," ती म्हणाली. "सगळे दिवस नको. पंधरा दिवस रजा टाक."

"आंब्याचे दिवस आहेत."

"मग जूनमध्ये ये."

"आईला एकटं ठेवून?"

आई आतून ओरडली, "आईला काय झालंय? आई जाते बरोबर, तू बस घरी!"

खरं कारण आंबाही नव्हतं आणि आईही नव्हती. खरं कारण सुजयने तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. ती दोन देशांच्या तारा जोडायला निघाली होती आणि तो अकरा वर्षं त्याच खुर्चीत बसून आकडे उतरवत होता. तिचं कौतुक वाटायचं त्याला, लोकांना सांगायचाही. पण तिच्यामागून बॅग धरून जायचं म्हटलं की तो काहीतरी कारण पुढे करायचा.

रत्नागिरी स्टेशनवर सकाळच्या गाडीला तो सोडायला गेला. नेत्राने पर्समधून वही काढली.

"लिही. काम संपायची अंदाजे वेळ... नवरात्र."

त्याने लिहिलं. नंबर चौदा. वरची प्रत फाडून तिला दिली. कार्बनची वहीत राहिली.

"आणि मी परत केलं नाही तर?" तिने डोळे मिचकावत विचारलं.

"लाईन बंद राहील," सुजय म्हणाला.

"बापरे. मग यायलाच हवं."

गाडी हलली. ती दारातून कागद हलवत राहिली. सुजय हात वर करायला गेला आणि त्याला वाटलं लोक बघतायत. त्याने हात खिशात घातला.

---

तिकडे गेल्यावर तिने एक नवीन खेळ काढला. विजेच्या फ्रिक्वेन्सीचा आकडा पॅनलवर सतत दिसतो, पन्नासच्या आसपास. एकमेकांना जोडलेल्या तारांच्या जाळ्यात तो सगळीकडे एकच असतो. नेपाळचं आणि आपलं जाळं आधीच जोडलेलं. म्हणून रोज दहा वाजता ती फोन करायची.

"रत्नागिरी, काय दाखवतंय?"

"पन्नास पूर्णांक शून्य दोन."

"माझ्याकडेपण शून्य दोन! ...बदललं. शून्य तीन."

"इकडेही तीन."

"बघ. दोन हजार किलोमीटर. तरी तुझा आणि माझा ठोका एकच."

मामा शेजारी बसलेले असायचे, त्यामुळे सुजय म्हणायचा, "हो. नोंद केली."

"नोंद करणाऱ्या," ती म्हणायची, "कधीतरी नुसतं ऐक."

भाद्रपदात लाईन चालू करायची तारीख ठरली. तिने पंधरा दिवस आधी सांगितलं. "तू ये सुजय. गणपती झाल्यावर ये. मी बटण दाबताना तू शेजारी असायला हवास. परमिट इथेच परत करते, तुझ्या हातात."

सुजयने आठ दिवसांची रजा टाकली. मंजूरही झाली. मामांनी ड्युटी बदलून दिली. तिकीट काढायचं तेवढं राहिलं होतं. मग एका संध्याकाळी फोनवर ती सहज बोलून गेली, की कंपनी पुढच्या वर्षी भूतानला पाठवायचं म्हणतेय. सहजच बोलली. सुजय रात्रभर तळमळला आणि सकाळी जाऊन रजेचा अर्ज मागे घेतला.

"का रे?" मामांनी विचारलं.

"काम आहे."

"कसलं काम?"

सुजय रीडिंग लिहायला वळला. नेत्राला फोनवर त्याने सांगितलं, "परमिट जिथे घेतलं तिथे परत करायचं असतं."

"नियम तसा नाहीये. नियम माणसाचा आहे, जागेचा नाही."

"मग जे माणूस गेलं, त्याने यावं."

तिला मागून कोणीतरी हाक मारली, ती 'आले' म्हणाली. मग म्हणाली, "बरं."

लाईन चालू झाली. तिने फोन केला तेव्हा मागे टाळ्या ऐकू येत होत्या. "झाली रे! पाणी तिथलं, दिवा इथला. तू हवा होतास."

"अभिनंदन," सुजय म्हणाला. एखाद्या साहेबाला म्हणावं तसं.

दोन दिवसांनी शेवटचा फोन. त्यांच्याकडे जोराचा पाऊस होता, तिचा आवाज तुटत होता.

"मी निघायचं म्हणतेय. सही करायला येते, तूच म्हणतोस ना. पण इथे सगळे म्हणतायत रस्ता चांगला नाही, दोन दिवस थांबा. काय करू? थांबू, की येऊ?"

थांब, एवढंच म्हणायचं होतं. किंवा, तूच थांब, मी येतो. दोन्ही सुजयच्या तोंडाशी आलं होतं.

"तुझं तू बघ," तो म्हणाला.

---

निरोप आला त्याच दुपारी गंगारामबाबा दाभोळहून आले. हातात कापडी पिशवी, पायात तीच बोटीवरची चप्पल. बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. "चला," म्हणाले. "नदीत माणूस कसं शोधायचं ते मला कळतं."

दोघं स्टेशनवर गेले. गाडी आली. बाबा चढले आणि त्यांनी हात पुढे केला. सुजयने तो धरला नाही. नेत्रा दारात उभी राहून कागद हलवत होती, तो हाच प्लॅटफॉर्म.

"बाबा, तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी उद्या येतो."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "बरं," ते म्हणाले. नेत्रा म्हणायची तसंच.

दुसऱ्या दिवशी सुजय गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ती सापडली, बरीच खाली, नदीच्या वळणावर. वर रस्ता बंद होता. इतके दिवस पाण्यात राहिलेला देह आणता येण्यासारखा नव्हता. बापाने तिथेच काठावर अग्नी दिला.

बारा दिवसांनी बाबा परत आले. ओसरीवर बसले, पिशवीतून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. बुडालेल्या जीपमध्ये तिची बॅग अडकून राहिली होती, त्यात हे होतं. आत रेल्वेचं तिकीट आणि घडी केलेला कागद. ओल लागली होती, पण वाचता येत होतं.

"हा तुला द्यायचा होता तिला," बाबा म्हणाले. "तिच्या खोलीतली मुलगी सांगत होती. आदल्या दिवशीच भरून ठेवलान."

परमिट नंबर चौदा. परतीच्या रकान्यात नेत्राने सगळं भरलं होतं. माणसं... उतरली. सामान... काढलं. शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ऑपरेटर रागावलेला आहे. समजूत काढण्यात यावी.' खाली सही. तारीख आणि वेळ कोरी. ती उंबऱ्यात घालायची असते.

सुजय कागद हातात घेऊन बसला. दुसऱ्याच्या हाती आलेला कागद, त्यावर तिची सही. पहिल्या दिवशी फिटर असाच कागद घेऊन आला होता. तेव्हा आपण काय म्हणालो होतो, ते त्याला शब्द न् शब्द आठवत होतं.

आई आत रडत होती. गडग्यापलीकडून जनीकाकू वाटी घेऊन आल्या, आणि कोणाच्या हातात द्यावी हे न कळून तशाच उभ्या राहिल्या.

---

आता वर्ष होऊन गेलं. नेत्राने जोडलेली लाईन चालू आहे. या पावसाळ्यातही तिकडच्या नद्यांची वीज इकडे आली. सुजय दहाचं रीडिंग घेतो, फ्रिक्वेन्सीचा आकडा लिहितो आणि तिथेही आत्ता हाच आकडा असेल, हे त्याला माहीत असतं. फोन वाजत नाही.

मामांची निवृत्ती जवळ आली. गेल्या महिन्यात एका दुपारी डबा खाताना सुजयने त्यांना विचारलं, "मामा, परमिट घेणारा परत करायला येऊच शकला नाही, तर नियम काय?"

मामांचा हात थांबला. त्यांना ती वही माहीत होती. नेत्रानेच कधीतरी सांगितलं होतं.

"नियम हाय की," ते म्हणाले. "ज्याने परमिट दिलं, त्याने स्वतः कामाच्या जागी जायचं. आपल्या डोळ्यांनी बघायचं, तिथं आता कोण नाय. मग त्याने सही करायची." मग म्हणाले, "दुसऱ्या कोणाला पाठवून चालत नाय, रे सुजय."

"माहीत आहे."

"मग जा की."

सुजयने रजेचा अर्ज लिहिला आहे. त्यावर तारीख घातलेली नाही. तो टेबलाच्या खणात आहे. बाबा म्हणाले, मी येतो सोबत, जागा दाखवतो. आई म्हणाली, मीही येते. स्टेशनपर्यंत तो दोनदा जाऊन आला.

त्या नदीवर सुजय अजून गेलेला नाही. परमिट नंबर चौदा अजून परत झालेलं नाही.